नाक्यावर शिकलेलं राजकारण

माझं शिक्षण उर्दू दुसरी. तिसरीत मास्तरांनी दुसऱ्याच्या चुकीला मला मारलं म्हणून उठून आलो, तो परत गेलो नाही. मराठी अक्षरं पुढं वर्तमानपत्रावर बोट ठेवून आपली आपण शिकलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी देशादेशांच्या गोष्टी बोलणार आहे आणि वाचणारा म्हणेल, ह्याला काय कळतं. कळत नव्हतंच. पण हे मान्य करायला मला फार वर्षं लागली, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आमचं गाव जळकोटच्या अलीकडं, हैदराबाद-सोलापूर सडकेला लागून. निजामाचं राज्य होतं तेव्हा सोलापूर म्हणजे परमुलूख, इंग्रजांचा. मध्ये करोडगिरीचा नाका. कापड, साखर, तेल, जे काही इकडचं तिकडं जाईल त्याच्यावर तिथं जकात बसायची. मिसरूड फुटायच्या आधी मी त्या नाक्यावर चपराशी म्हणून लागलो. काम एकच. सडकेवर आडवा बांबू होता, त्याच्या बुडाला धोंडा बांधलेला. जकात लिहून घेणारे मुन्शीसाहेब आतून "छोड दो" म्हणाले की बांबू वर, "रोको" म्हणाले की खाली. बांबूच्या दोन्ही बाजूला एकच काळी माती. दोन्हीकडची माणसं ज्वारीचीच भाकरी खात आणि दोन्हीकडून तुळजापूरला येत. पण माझा हात हलल्याशिवाय ह्या राज्यातला माणूस त्या राज्यात जाऊ शकत नव्हता. त्या वयात अशा गोष्टीचा माज येतो. मला आला.

मग इंग्रज गेले, आणि एका सकाळी सोलापूरकडून हिंदुस्थानची फौज आली. आम्ही सगळे नाका सोडून शेतात पळालो होतो. उसातून मी बघितलं, पहिल्या गाडीनं बांबू मोडला तेव्हा गाडीचा वेगसुद्धा कमी झाला नाही. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. निजामाला भरवसा होता की कोणीतरी बाहेरचा मोठा देश मदतीला येईल. कोणी आलं नाही. माझी नोकरी गेली, मी नांगर धरला, आणि मनाशी एक धडा घेऊन बसलो: सरहद म्हणजे बांबू. मोठा आला की मोडतो, आणि मोडला की लोक आपापल्या शेतात परत जातात.

पुढची दहा-बारा वर्षं हा धडा पक्काच होत गेला. हैदराबादचे तीन तुकडे झाले. आम्ही मुंबई राज्यात गेलो, आळंदकडचे आमचे सोयरे म्हैसुरात गेले. पुन्हा मुंबईचे दोन झाले आणि आम्ही महाराष्ट्रात आलो. एवढी राज्यं बदलली आणि मी त्याच बाजेवर बसलेलो. आळंदचा सोयरा लग्नाला आला तर मी म्हटलं, "या, परराज्यातले पाव्हणे." तो म्हणाला, "पंक्तीत तरी एका राज्यात बसू द्या." हसलो, जेवलो, झालं. सरहदी अशाच बदलतात असं मी धरून चाललो.

सडकेवर चहाचं एक हॉटेल होतं. सोलापूरचं वर्तमानपत्र दुपारच्या एसटीनं तिथं यायचं आणि ते मोठ्यानं वाचायचा मान माझा. लोक मला नाकेदार म्हणत. होतो चपराशी, पण मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. चीनचं नाव त्या पेपरात रोज असे. आधी ते आणि आपण भाऊ भाऊ होतो. मग त्यांनी तिबेट गिळला. मग तिबेटचे लामा आपल्याकडं आसऱ्याला आले. मग नकाशावरून भांडण लागलं. मी लोकांना समजावून सांगायचो, "ह्यात अवघड काय हाय? हैदराबाद मधी होतं, आपण घेतलं. तिबेट मधी होता, चीननं घेतला. दोघं नवे नवे गादीवर आलेत. दोन गडी एकाच वर्षी तालमीतनं निघाल्यावर दंड दाखवत फिरत्यात, तसं हाय. दंड थोपटतील आन घरी जातील."

गावच्या शाळेचा मास्तर पोरगेलासा होता, तुळजापूरचा. पुजाऱ्याच्या घरातला, पण पूजा सोडून पुस्तकात पडलेला. तो एकदा म्हणाला, "नाकेदार, एक विचारू? दोन शेतांच्या मधलं शेत नाहीसं झालं की काय होतं?"

"काय होतंय? एक शेत मोठं होतंय."

"आणि बांधाला बांध लागतो. आजवर चीनचा आणि आपला बांध लागत नव्हता. आता लागला."

लोक माझ्याकडं बघायला लागले. मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "मास्तर, तुम्ही सरहद पुस्तकात बघितली. मी तिच्यावर हात ठेवून तीन वर्षं उभा होतो." सगळे हसले, मास्तरही हसला आणि चहाचा कप ठेवून गेला. जिंकलो असं मला वाटलं.

माझा धाकटा भाऊ फौजेत होता. आई-वडील लवकर गेले, त्याला मीच वाढवला. विलीनीकरणानंतर सोलापुरात भरती निघाली तेव्हा मीच त्याला घेऊन गेलो होतो. तो ज्या साली चीनची लढाई झाली त्या साली गौरीच्या सुमारास रजेवर आला. त्याची मुदत संपत आली होती. सही केली तर आणखी काही वर्षं नोकरी, नाही केली तर हिवाळ्यात कायमचा घरी. आमच्यात असं थोरल्याला विचारल्याशिवाय होत नाही. त्यानं विचारलं, "दादा, सही करू का घरी येऊ?"

त्याचं मन घरी यायचं होतं, हे मला दिसत होतं. तो वरच्या डोंगरातून आला होता. ओठ फुटलेले, नखं काळी पडलेली. म्हणाला, "आमाला पुढं पुढं सरकवत्यात. आज ह्या टेकडीवर चौकी, उद्या त्या. धा-बारा मानसांची चौकी. समोर त्यांची मुंग्यावानी रीघ दिसती."

"चौकी म्हंजे नाकाच की रे. दोनीकडं मानसं बसत्यात, बिड्या वढत्यात."

"दादा, तिथं बिडी पेटत न्हाय. काडी इझती. वारं लई."

मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. जो त्या टेकडीवर बसून आला होता त्याला मी टेकडी समजावून सांगत होतो. खरं कारण मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही, आता सांगतो. हॉटेलात "आमचा भाऊ सरहदीवर हाय" असं म्हणण्यात मला गोडी लागली होती. बांबू मोडल्यापासून माझ्या हाताखाली काही उरलं नव्हतं. तो सरहदीवर होता तोवर मी नाकेदार होतो.

त्याची बायको आमच्याच घरात. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी तोंडानं बोलत नाही, अशी आमची रीत. डोक्यावरचा पदर पुढं ओढून, भिंतीकडं तोंड करून ती माझ्या बायकोला सांगायची आणि माझी बायको मला. खोली एकच, तिघांत अंतर चार हातांचं.

"जाऊबाई, त्यास्नी इचारा, मुदत सरली की मानूस घरी येतंय. ह्यांना माघारी धाडायचं कशापायी?"

"आयकलं का?" माझी बायको म्हणाली.

"मला कान हायेत. तिला सांग, गावात नांगर हाकायला पन्नास जन हायेत, सरहदीवर एकच हाय."

"आयकलं गं बाई, तूबी."

"जाऊबाई, सांगा त्यास्नी, सरहदीला पन्नास हजार हायेत. मला एकच हाय."

भाऊ मध्ये बसून हसत होता. "वैनीला दोन देशांचा वकील करून टाकलंय," तो म्हणाला. माझी बायको म्हणाली, "मग काय तर! तोंडं दुखाया लागली माझी. दोघं समोरासमोर बोला एकदाचं, मी भाकऱ्या करते."

मी पेपरातलं सगळं काढलं. चीनला आपल्याशी वैर परवडत नाही. रशिया मध्ये पडेल, दोघांचाही तो दोस्त आहे. एवढ्या उंचीवर लढाई होतच नाही. ती बाई गप्प ऐकत होती. मला वाटलं, पटलं. मग भिंतीकडूनच आवाज आला, "जाऊबाई, येवढी खातरी असली तर परडीतला भंडारा उचलून सांगा म्हणावं."

आमच्या देव्हाऱ्यात तुळजाभवानीची परडी आहे. वेताची टोपली, तिच्यात कवड्यांची माळ आणि हळदीचा भंडारा. बांधाचं भांडण चावडीवर मिटलं नाही तर आमच्याकडं भंडारा उचलतात. चिमूट हातात घेऊन आईची आण घेऊन सांगायचं, बांध इथून होता, माझ्या डोळ्यांनी बघितला, माझ्या बापानं दाखवला. त्यापुढं कोणी बोलत नाही. पण भंडारा उचलतात तो झालेल्या गोष्टीसाठी. उद्याच्या गोष्टीसाठी उचललेला मी कधी ऐकला नव्हता, गावात कोणी ऐकला नव्हता. हे मला त्या क्षणी आठवलं होतं. आठवूनही मी उठलो. बायकोसमोर, भावासमोर, त्या भिंतीकडं तोंड केलेल्या बाईसमोर मला मागं सरकता येईना.

"दादा, नगा," भाऊ म्हणाला. आता तो हसत नव्हता. "दिल्लीत बसलेल्यांनाबी असं सांगता येत न्हाय."

मी चिमूट उचलली. म्हणालो, "आईची आण. चीन लढत न्हाय. ह्याच्या केसाला धक्का लागत न्हाय."

ती बाई उठली. परडीला नमस्कार केला आणि चुलीपुढं जाऊन बसली. त्यानंतर ती त्याच्या जाण्याबद्दल एक शब्द बोलली नाही. भंडाऱ्यावर विश्वास ठेवला तिनं, माझ्यावर नव्हे. हे मला पुढं कळलं. तो गेला तेव्हा उरलेल्या भंडाऱ्याची पुडी बांधून तिनं त्याच्या खिशात घातली. एसटीच्या खिडकीतून त्यानं मला विचारलं, "मग सही करतोच म्या?" मी म्हणालो, "कर की."

दसऱ्याला महिनाही झाला नव्हता आणि लढाई लागली. लागली म्हणजे, आधी लागली आणि मग आम्हाला कळली. हॉटेलवाल्यानं रेडिओ उघड्यावर आणून ठेवला. लोक सडकेवर उभे. गावांची नावं कानाला लागत नव्हती, पण प्रत्येक नाव हातातून गेल्याचंच येत होतं. कोणीतरी म्हणालं, "नाकेदार, काय म्हंतोय तुमचा चीन? दंड थोपटून झालं का न्हाय?" मी रेडिओकडं तोंड केलं. मास्तर तिथं होता. त्यानं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं मला बसायला जागा करून दिली.

मी त्याला हळूच विचारलं, "रशिया मधी पडंल ना?"

तो म्हणाला, "रशिया आणि अमेरिका त्या तिकडं समुद्रातल्या एका बेटावरून एकमेकांसमोर उभे आहेत. त्यांना आत्ता दुसरं काही दिसत नाही."

माझ्या भावाच्या डोक्यावर कोणाचा हात असेल नसेल, ते एका बेटावर ठरत होतं आणि ते बेट कुठं आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

मग एक दिवस चिनी आपण होऊन थांबले आणि मागं गेले. हे मला अजिबात समजेना. मी मास्तरच्या घरी गेलो, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणालो, "मास्तर, घेतलेलं शेत सोडून मानूस माघारी कसा जातो? मग मारलं कशाला?"

त्यानं हातातलं पुस्तक मिटलं. म्हणाला, "शेताचं नव्हतंच ते, नाकेदार. आशियात मोठा कोण, एवढंच दाखवायचं होतं. बघणारे सगळे देश बसले होते भोवती. दाखवलं आणि गेले."

म्हणजे ते बांधाचं भांडणच नव्हतं. मी भंडारा बांधाच्या भांडणासारखा उचलला होता आणि भांडण भलतंच होतं.

फौजेचा कागद थंडीत आला. पोस्टमननं तो माझ्या हातात दिला, वाचला मास्तरनं. भाऊ बेपत्ता. मेला असं नाही, धरला असं नाही. चौकीवर होता, चौकी गेली, तो सापडला नाही. पुढं कैदी सुटून आले तेव्हा मी सोलापूरला जाऊन एका सुटलेल्या शिपायाला गाठलं. त्याला माझा भाऊ माहीत नव्हता. "त्या बाजूला कोणी राहिलं नसंल," एवढंच तो म्हणाला आणि मला पाणी दिलं.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली नाही, मी मागं ठेवली. नाक्यावरचे ते मुन्शीसाहेब. मला उर्दू पुढं वाचायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या चहातला अर्धा चहा बशीत ओतून मला द्यायचे. फौज आली तेव्हा ते आमच्याबरोबर उसात होते. "घर जाता हूँ" म्हणून उठले आणि नळदुर्गाकडं चालत गेले. त्यानंतरच्या दिवसांत आमच्या भागात मुसलमान माणसांचं गावोगाव काय झालं, ते ज्यानं बघितलं तो बोलत नाही. महिन्याभरानं त्यांची बायको बुरखा सावरत आमच्या दारात आली. "हमारे साब कू देखे क्या?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. तिनं पुन्हा एकदा विचारलं, मग शेजारी विचारलं, मग पुढच्या गावाला गेली. ती कधीपर्यंत विचारत फिरली मला ठाऊक नाही.

म्हणजे बांबू मोडला की लोक शेतात परत जातात, हे मी जगाला सांगत होतो, आणि एक माणूस परत आला नव्हता हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मी त्याला हिशेबात धरलाच नाही. चार राज्यं बदलली, कोणाचं काही बिघडलं नाही, असं म्हणताना तो माणूस माझ्यासमोर नाक्याच्या खुर्चीत बसलेला असायचा आणि मी त्याच्याकडं बघत नसे. आता त्याच्या बायकोसारखी एक बाई माझ्याच घरात होती.

ती कुंकू लावत राहिली. कोणी तिला ते पुसायला सांगितलं नाही. तीन-चार वर्षं अशी गेली. मधल्या काळात पाकिस्तानशी लढाई झाली, ती मिटवायला सगळे रशियात जाऊन बसले. पावसानं ओढ दिली आणि अमेरिकेची तांबडी ज्वारी रेशनवर आली. हॉटेलात लोक म्हणायचे, "नाकेदार, सांगा की, अमेरिका आपल्याला खायाला का घालती?" मी वाचन सोडलं होतं. पेपर आता मास्तर वाचायचा. मी ती तांबडी भाकरी खायचो आणि वाटायचं की आपण सगळा देशच कोणाच्या तरी बांबूपुढं उभे आहोत. कोणीतरी आत बसून "छोड दो" म्हणणार, मग आपण जेवणार.

त्याच सुमारास शाळेपुढं लढाईत गेलेल्यांचा दगड बसवायचं ठरलं. तालुक्यातून माणूस आला. म्हणाला, बेपत्ता माणसाचं नाव कोरता येत नाही. घरच्या थोरल्यानं लिहून द्यावं की तो वारला असं आम्ही धरतो, मग कोरू. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजेवर बसलो होतो. ती आतून आली. डोक्यावर पदर होता, पण तोंड भिंतीकडं नव्हतं. परडी तिनं माझ्यासमोर बाजेवर ठेवली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. माझी बायको दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "त्या दिशी उचलला. आज उचला. हायेत म्हना, न्हायतर न्हाईत म्हना. तुमी म्हनाल ते मी मानते."

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. देशादेशांचं ज्यानं सांगितलं त्यानं एका माणसाचं सांगावं, एवढंच तिचं मागणं होतं. मी परडीकडं बघितलं. हात उचलला नाही. ऊन ओट्यावर चढेपर्यंत ती उभी होती. मग तिनं परडी उचलली, देव्हाऱ्यात ठेवली आणि कामाला लागली.

मी लिहून दिलं नाही. दगड उभा राहिला, त्याच्यावर बाजूच्या गावचे दोघे आहेत, माझा भाऊ नाही. त्यानंतर पुन्हा तिनं माझ्या बायकोच्या आडून मला कधी काही सांगितलं नाही, आणि समोरूनही नाही. एका घरात आम्ही म्हातारे झालो.

मागल्या पावसाळ्यात ती गेली. बायका जमल्या. नवरा असलेल्या बाईला हिरवं लुगडं नेसवून, कुंकू लावून नेतात. नसलेलीला पांढरं. तिला कसं न्यायचं, हे विचारायला बायका माझ्याकडं आल्या, कारण घरात थोरला मी. मी भिंतीकडं बघत बसलो. त्यांनी दोनदा विचारलं. मग माझी बायको पेटीपाशी गेली आणि तिनं हिरवं लुगडं काढलं. मी नाही म्हणालो नाही. एवढंच माझ्याच्यानं झालं.